पाण्यात सोडलेल्या पोथ्या

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग काही वर्षांपूर्वी आम्हांला आला होता. सौरचूल, ठिबक सिंचन, धूर ओकणारा ज्वालामुखी ही नेहमीची मंडळी हजर होतीच. पण एका कोपऱ्यात नववीच्या दोन मुलींनी पिंगुळीच्या चित्रकथीवर तक्ता केला होता. चित्रे त्यांनी स्वतः नकलून काढली होती आणि बरी काढली होती. तक्त्याच्या माथ्यावर लाल अक्षरांत लिहिले होते : '५००० वर्षांपूर्वीची कला'. आम्ही सहज विचारले, "पाच हजार कशावरून?" मुलींनी बाईंकडे पाहिले, बाईंनी हातातल्या पुस्तिकेकडे पाहिले. पुस्तिकेत तो आकडा छापलेला होता.

बाईंची त्यात काही चूक नव्हती. आपल्याकडे जुन्या कलेला तीन शून्ये लावल्याशिवाय तिचा मान राखल्यासारखे वाटत नाही. पण आमच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्यापाशीही नव्हते. नंतर वाचन आणि विचारपूस करताना जे हाती लागले ते पुढे मांडत आहोत. वर्गात इतिहास आणि विज्ञान या दोन्ही तासांना ते उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम चित्रकथी म्हणजे काय ते पाहू. कुडाळ तालुक्यातील पिंगुळी या गावी ठाकर समाजाची वस्ती आहे. या समाजातील कलावंत पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव हिंडून, देवळाच्या आवारात नाहीतर एखाद्याच्या अंगणात बसून रामायण-महाभारतातील आख्याने चित्रांच्या साहाय्याने सांगत आले. एका आख्यानाच्या चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात. नाव पोथी असले तरी तीत अक्षरे नसतात. असतात ती सुट्या कागदांवरची तीस-चाळीस किंवा त्याहून अधिक चित्रे. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. त्यामुळे एक प्रसंग सांगून झाला की हाताच्या एका हालचालीने पुढचा प्रसंग समोर येतो. आरंभी गणपती, मग सरस्वती, मग कथा. सोबत वीणा किंवा तुणतुणे, हुडुक आणि टाळ. शब्द पाठ असतात, पण ते छापील पुस्तकासारखे पाठ नसतात. समोर कोण बसले आहे, रात्र किती झाली आहे, यावर प्रसंग लांबतो किंवा आखडतो. हेच कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवतात आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही करतात. नंदीबैल घेऊन फिरणारे पांगूळ, राधानाच, गोंधळ हेही त्यांच्याकडेच. रस्त्यावरचा कलावंत म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर शहरातल्या भिंती रंगवणारा तरुण येतो. पण भिंत नसताना, नुसत्या कागदाच्या गठ्ठ्यावर बाजार थांबवून दाखवणारे हे कलावंत त्याचे फार जुने भाऊबंद होत.

किती जुने? येथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. पहिला : चित्र दाखवून कथा सांगण्याचा धंदा किती जुना? दुसरा : आपण पाहतो ती पोथी किती जुनी? तक्त्यावरच्या लाल आकड्यात हे दोन्ही एकत्र कालवले गेले होते.

पहिल्या प्रश्नाला ग्रंथांतून चांगले उत्तर मिळते. सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरित' लिहिले. पिता प्रभाकरवर्धन आजारी असल्याचे कळून हर्ष घाईने राजधानीत परततो, तेव्हा बाजाराच्या रस्त्यात त्याला एक यमपट्टिक दिसतो. त्याच्या भोवती पोरांचा गराडा पडला आहे. एका हातात उभ्या काठीवर टांगलेला चित्रपट, त्यावर रेड्यावर बसलेला यम. दुसऱ्या हातातल्या काडीने तो परलोकातील एकेक गोष्ट दाखवत आहे. पोरांचा गराडा, बाजार, काडी. बाणाने हे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज लिहिले असेल असे वाटत नाही. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात चाणक्याचा एक हेर याच वेषात, यमपट दाखवत आणि गात घरोघर हिंडतो, आणि राक्षसाची अंगठी त्याच्या हाती लागते. यमपट घेऊन दारात आलेल्या माणसाचा कोणाला संशय येत नसे, एवढा तो नेहमीचा होता. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त अशा कथेकऱ्याला 'चित्रकथक' हे नावच मिळते. याच्याही मागे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील पतंजलीच्या महाभाष्यात कंसवधाची गोष्ट सांगण्यासंबंधी जी चर्चा आहे तीत चित्रांचा उल्लेख येतो. मात्र त्याचा नेमका अर्थ काय, यावर विद्वानांत वाद आहे.

तेव्हा धंदा निदान तेराशे-चौदाशे वर्षांचा, आणि कदाचित दोन हजार वर्षांहूनही जुना. ही काही लहान गोष्ट नव्हे. अमेरिकन विद्वान व्हिक्टर मेअर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवण्याचा प्रयत्न केला आहे की, चित्रे दाखवून कथा सांगण्याची रीत भारतातून बौद्ध धर्माच्या वाटेने चीनमध्ये आणि त्यापलीकडे गेली. जावा बेटावर गुंडाळीवरची चित्रे उलगडत कथा सांगतात, तिला 'वायांग बेबेर' म्हणतात. जपानमध्ये बौद्ध भिक्षू चित्रे दाखवून धर्मकथा सांगत, आणि १९३० च्या सुमारास तेथल्या गल्ल्यांतून सायकलवर लाकडी चौकट बांधून, पोरांना गोळ्या विकत चित्रकथा सांगणारे 'कामिशिबाय'वाले फिरू लागले. चौकटीतले एक चित्र सरकवले की मागचे दिसते. पिंगुळीची पोथी पालटणाऱ्या हाताशी हे किती जुळते! पण जुळते म्हणजे तेथून आले किंवा येथून गेले असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. एका माणसाने, एका बैठकीत, अनेक प्रसंग अनेकांना दाखवायचे असतील तर सुटी चित्रे एकामागून एक पुढे करणे ही युक्ती कोणालाही सुचण्यासारखी आहे.

आता दुसरा प्रश्न. संग्रहालयांतून जपून ठेवलेली चित्रकथीची चित्रे सामान्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतली मानली जातात. परंपरा हजारांवर वर्षांची आणि चित्रे दोनशे वर्षांची, हे कसे? याचे एक उत्तर कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, चार महिने भिंतींना ओल, कागदाला बुरशी, वाळवी आणि कसर. त्यात दोन कागद चिकटवायला वापरलेली खळ म्हणजे किड्यांना घातलेले जेवणच. पण दुसरे उत्तर अधिक विचार करायला लावणारे आहे. पोथी ही या घरांत नुसती वस्तू नसते, तिची पूजा होते. ती जीर्ण झाली, चित्रे फाटली, म्हणजे ती माळ्यावर टाकून देत नाहीत. मूर्तीसारखी तिला पाण्यात सोडतात. त्याआधी तिच्यावरून नवी पोथी उतरून घेतलेली असते. म्हणजे ही परंपरा जपण्याची रीतच अशी की जुना पुरावा नाहीसा व्हावा! इतिहासकाराला हवी ती वस्तू नदीच्या तळाशी आणि कलावंताला हवी ती गोष्ट नव्या कागदावर.

आमच्यासारख्या प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला हे प्रथम फार जड गेले. पुरावा नष्ट करणे हा आमच्या धंद्यात गुन्हा समजतात. पण थोड्या विचाराने लक्षात आले की, सजीवांचेही असेच चालते. प्रत्येक पिढीचे शरीर नष्ट होते; उरते ती नकलून घेतलेली सूचना, आणि नकलताना होणारे बारीकसारीक बदल. पोथ्यांच्या बाबतीतही या बदलांतूनच काही शोधता येते.

चित्र किती जुने हे तपासण्याच्या काही साध्या कसोट्या आहेत. कागद गिरणीतला असेल तर तो उजेडासमोर धरल्यावर कधीकधी जलचिन्ह दिसते आणि त्यावरून कारखाना, क्वचित वर्षही कळते. रंगांचे रासायनिक पृथक्करण करता येते. आता चित्राला न खरवडता, क्ष-किरणांच्या प्रतिदीप्तीने किंवा रामन वर्णपटाने ते होते. 'प्रशियन निळा' हा रंग बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रथम तयार झाला आणि कृत्रिम अल्ट्रामरीनचा शोध १८२८ च्या सुमाराचा. एखाद्या चित्रातल्या निळ्यात यांपैकी काही सापडले, तर ते चित्र त्या तारखेच्या आधीचे असू शकत नाही. ते त्यानंतर किती वर्षांनी काढले, हे मात्र त्यावरून कळत नाही. चित्रातल्या वस्तूंचेही तसेच. रावणाच्या सैनिकाच्या हाती कोणी बंदूक दिली, तर चित्रकाराच्या काळी बंदुका होत्या एवढे नक्की. रावणाच्या काळाबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही. हे उदाहरण वर्गात सांगून पाहावे, मुले हसतात आणि मुद्दा विसरत नाहीत.

नावांनीही फसायला होते. अशाच प्रकारच्या चित्रांना पुष्कळ पुस्तकांत 'पैठण शैली' म्हटले आहे. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयाचे संस्थापक दिनकर केळकर यांना त्यांतली काही चित्रे पैठण परिसरात मिळाली, आणि वस्तू जेथे मिळाली तेथलीच समजायची या सवयीने नाव रूढ झाले. पण फिरत्या कलावंताची वस्तू कोठेही मिळू शकते. एखाद्या पक्ष्याचे पीस आपल्या अंगणात पडले म्हणून त्याचे घरटे आपल्याच आंब्यावर आहे असे होत नाही.

कलावंत किती फिरत, याचा एक विलक्षण पुरावा भाषेत आहे. आंध्र, कर्नाटक आणि तामिळनाडूत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारी अनेक घराणी बाहेर तेलुगू, कन्नड किंवा तमिळमध्ये खेळ करतात, पण घरात मराठीची बोली बोलतात. थेट कन्याकुमारीच्या बाजूपर्यंत अशी घराणी आहेत. त्यांचे पूर्वज कधीतरी मराठी मुलखातून तिकडे गेले असले पाहिजेत. उलट चित्रांकडे पाहावे, तर पिंगुळीच्या आणि पैठणी म्हणवल्या जाणाऱ्या चित्रांत मोठे डोळे, एका बाजूने दाखवलेले चेहरे आणि दागिन्यांची गर्दी यांचे नाते दक्षिणेकडच्या बाहुल्यांशी जुळते. माणसे मराठी मुलखातून दक्षिणेला गेली असतील, आणि चित्रांतली वळणे दक्षिणेतून इकडे आली असतील. दोन्ही एकाच वेळी खरे असायला काही अडचण नाही.

आता त्या चेहऱ्यांकडे जरा निरखून पाहू, कारण 'प्राचीन गूढ प्रतीके' म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ती बहुधा हीच. डोळा मोठा, बुबुळ मधोमध, नाक धारदार, चेहरा बाजूने. असे का? एक प्रयोग करावा. अंधाऱ्या खोलीत बॅटरीपुढे एका मुलाला उभे करून भिंतीवर त्याची सावली पाडा. तो समोर तोंड करून उभा असेल तर सावली म्हणजे नुसता भोपळा. कोण आहे ते ओळखू येत नाही. त्याला बाजूला वळवा, लगेच नाक-ओठ-हनुवटीवरून वर्ग त्याचे नाव ओरडेल. सावल्यांच्या खेळात ओळख ही कडेच्या रेषेवर अवलंबून असते. म्हणून चामड्याची बाहुली बहुधा बाजूनेच कापतात आणि डोळा, दागिने, वस्त्राची नक्षी यांच्या जागी भोके पाडून दिव्याचा उजेड आत घेतात. जे हात चामडे कापतात तेच कागदावर चित्रे काढतात. तेव्हा एका माध्यमाची सवय दुसऱ्यात उतरली असावी असे आम्हांला वाटते. डोळ्याच्या आकाराचे कारण याहून साधे असावे. तेलाच्या दिव्याच्या उजेडात, दहा-पंधरा हात अंतरावर बसलेल्या म्हातारीला राम कोणाकडे पाहतो आहे हे कळायला हवे. छायेने चेहऱ्याला गोलाई देण्याचा तेथे काही उपयोग नाही. ठळक रेघ, सपाट रंग आणि मोठा डोळा, हेच तेथे चालते.

मुखवट्याचे गणित याच्या नेमके उलटे. सावलीतला चेहरा बाजूचा, तर मुखवटा समोरचा. कार्तिकी पौर्णिमा झाली की सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रांत दशावतारी नाटके सुरू होतात. मुख्य आख्यानाआधी जो भाग होतो त्यात हत्तीचा मुखवटा घातलेला गणपती येतो आणि काळ्या वेषातला संकासुर येतो. हा वेद पळवून नेणारा शंखासुर. मत्स्यावतारात विष्णू त्याला मारतो. कथेप्रमाणे तो भयंकर असायला हवा. पण मालवणीत बोलून सगळ्यांना हसवतो तोच. चेहरा झाकलेला असल्याने त्याला भिवई उडवता येत नाही, ओठ मुरडता येत नाही. सगळा विनोद मानेच्या झटक्यात, चालीत आणि बोलण्यात आणावा लागतो. शिवाय तोंड झाकलेल्या माणसाला गावातल्या मोठ्या लोकांची थट्टा करण्याची थोडी सूट मिळते, हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नकोच. हाच संकासुर शिमग्यातही भेटतो.

दशावताराच्या वयाबद्दलही असाच एक आकडा फिरत असतो. हा खेळ श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ साली कोकणात आणला, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. पण १६८१ मध्ये निधन पावलेल्या समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'त दशावतारी खेळाचा आणि त्यात पुरुषच स्त्रिया होऊन येतात याचा उल्लेख आहे. तेव्हा १७२८ हे फार तर कोकणातल्या एका विशिष्ट धाटणीच्या आगमनाचे वर्ष असेल. महाराष्ट्राला हा खेळ त्याआधी माहीत होता. येथे गंमत अशी की पुरावा आकड्याला मागे ढकलतो. पुरावा म्हणजे नेहमी वय कमी करणारा कोणी कंजूस कारकून, अशी समजूत मुलांनी करून घेऊ नये म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिले.

सावंतवाडीच्या गंजिफांत वेगळाच प्रकार दिसतो. गोल पत्त्यांच्या दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पत्ते असतात. मासा, कासव, परशू ही चिन्हे फार जुनी. पण 'गंजिफा' हे नाव फारसीतून आले, आणि बाबराने १५२७ मध्ये सिंधकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. बाहेरून आलेल्या खेळाच्या अंगावर आपल्याकडच्या चित्रकारांनी जुनी चिन्हे चढवली. चिन्हाचे वय वस्तूला चिकटवले तर येथे केवढी चूक होईल ते उघड आहे.

पाच हजार वर्षांचा मोह होण्याला सिंधुदुर्गात आणखी एक कारण गेल्या काही वर्षांत निर्माण झाले आहे, ते म्हणजे कातळशिल्पे. सतीश लळीत यांनी २००१ मध्ये हिवाळे येथे आणि २०१२ मध्ये मालवण तालुक्यातील कुडोपी येथे जांभ्या सड्यावर कोरलेल्या आकृती उजेडात आणल्या. रत्नागिरी जिल्ह्यात तर अशा आकृती शेकड्यांनी सापडल्या आहेत. २०२२ मध्ये कोकणातील अशा काही स्थळांची युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत नोंद झाली, त्यात कुडोपी आहे. गावकरी तेथल्या सड्याचे नाव बाहुल्यांवरून घेतात. सड्यावर बाहुल्या, पिंगुळीतही बाहुल्या. मग या दोहोंमध्ये एक सरळ रेघ ओढायचा मोह कोणाला होणार नाही? आम्हांलाही झाला होता.

पण ती रेघ ओढायला मधला एकही टप्पा हाती नाही. मुळात कातळशिल्पांचेच वय ठरवणे कठीण. किरणोत्सारी कार्बनने वय काढायचे तर एके काळी सजीव असलेला पदार्थ हवा, आणि कोरलेल्या खाचेत तो नसतो. जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरलेला, पावसाने शतकानुशतके धुतलेला दगड. तो सगळीकडे सारख्या वेगाने झिजतही नाही. रत्नागिरीकडच्या शिल्पांत आज कोकणात नसलेल्या प्राण्यांच्या, उदाहरणार्थ गेंड्याच्या, आकृती ओळखल्या गेल्या आहेत. त्यावरून आणि परिसरातल्या दगडी हत्यारांवरून अनेक संशोधक ही शिल्पे दहा हजार वर्षांपर्यंत मागे नेतात. सगळ्याच आकृती एकाच काळातल्या असतील असेही नाही.

गोव्यात कुशावती नदीकाठी पणसायमळ येथेही अशीच शिल्पे आहेत आणि त्यांत एक गोल भूलभुलैया आहे. असाच आकार भूमध्य समुद्रातील क्रीट बेटावर क्नोसॉस नगराच्या इसवी सनापूर्वीच्या नाण्यांवर आढळतो; आपल्याकडे त्याला चक्रव्यूह म्हणतात. एवढी गुंतागुंतीची आकृती दोन ठिकाणी कशी? याचे एक उत्तर खडूने फळ्यावर देता येते. मधोमध एक अधिकचे चिन्ह काढा. त्याच्या चार कोनांत चार काटकोन काढा, काटकोनांच्या पुढे चार ठिपके द्या. आता अधिकच्या वरच्या टोकापासून आरंभ करून, डावीकडचे एक टोक आणि उजवीकडचे एक टोक कमानींनी क्रमाने जोडत जा. दोन मिनिटांत सात वेढ्यांचा भूलभुलैया तयार होतो. आकृती अवघड, पण तिची रीत दोन वाक्यांची. अशी रीत पाठ करून खलाशी, व्यापारी किंवा गुराखी कोठेही नेऊ शकतो, त्याला पुस्तक लागत नाही. ती एकाच ठिकाणी सुचून पसरली की अनेक ठिकाणी सुचली, हे मात्र नुसत्या आकृतीवरून कळणार नाही.

पिंगुळीच्या पोथीचेही असेच आहे. कागद बुडतो, रीत उरते. पण रीत माणसाच्या डोक्यात असते, आणि हीच आजची खरी अडचण आहे. सावंतवाडीच्या भोसल्यांच्या राज्यात या कलेला आश्रय होता. कोणत्या घराण्याने कोणत्या देवळात कथा सांगायची हे ठरलेले असे. ठाकर कलावंत राजांसाठी हेरगिरीही करत, असे सांगितले जाते. मुद्राराक्षसातल्या हेराची येथे आठवण होते, पण आठवण होणे आणि पुरावा मिळणे या वेगळ्या गोष्टी. पुढे संस्थान गेले, सिनेमा आला, मग घरात टीव्ही आला. जत्रेतल्या रात्री चित्रकथीसमोरची गर्दी विरळ झाली. त्याच सुमारास शहरातल्या संग्राहकांना जुनी चित्रे हवीशी वाटू लागली आणि पोथ्या पानापानाने विकल्या गेल्या. तीस पानांतले सतरावे पान काचेच्या चौकटीत एकटे टांगले म्हणजे ते सुंदर दिसते खरे. पण त्याच्या आधी काय झाले आणि नंतर काय होणार हे सांगणारा त्याच्याजवळ नसतो. पाण्यात सोडलेल्या पोथीची नक्कल तरी मागे उरायची.

या पडत्या काळात काहींनी नेट धरला. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे छोटे संग्रहालय उभे केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावातली काही तरुण मुले पोस्टर रंगांत चित्रे काढून पर्यटकांना विकतात, कापडी पिशव्यांवर आणि भेटकार्डांवर राम-रावण रंगवतात. यावर नाके मुरडणारे जाणकार आम्ही पाहिले आहेत. आम्हांला त्यात वावगे दिसत नाही. ज्याच्या आजोबांनी नवा रंग बाजारात मिळताच तो आनंदाने वापरला असेल, त्याच्याकडून जुन्याच रंगांचा आग्रह धरणे हा संग्रहालयवाल्यांचा हट्ट झाला. काळजी रंगांची नाही. एक चित्र काढता येणारी मुले पुष्कळ आहेत. पण चाळीस चित्रांच्या पाठोपाठ रात्रभर ओळीने सांगता येणारे किती?

त्या प्रदर्शनात मुलींना आम्ही गुण बरे दिले आणि शेरा लिहिला : 'आकडा तपासावा.' दुसऱ्या दिवशी समारोपाला गेलो तेव्हा लाल आकड्यावर पांढरा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर अजून काही लिहिलेले नव्हते. आम्ही बाईंना बाणभट्टाविषयी सांगितले, मग जीर्ण पोथ्या पाण्यात सोडण्याच्या रीतीविषयी. दोघींपैकी धाकटी दिसणारी मुलगी कान देऊन ऐकत होती. आमचे बोलणे थांबल्यावर ती म्हणाली, "मगे बुडयलेली पोथी कितकी जुनी होती, ता कसा कळतला?"

बाईंनी तिला शुद्ध मराठीत विचारायला सांगितले. आम्ही म्हटले, राहू द्या. मग तिघींनी मिळून पांढऱ्या कागदावर काय लिहायचे ते ठरवले. वर लिहिले : 'चित्र दाखवून कथा सांगणे : निदान १३०० वर्षे. चित्रकथक हे नाव : सुमारे ९०० वर्षे.' त्याखाली : 'आम्ही पाहिलेली पोथी :' आणि पुढची जागा मोकळी सोडली. पिंगुळीला जाऊन, घरातल्या मोठ्यांना विचारून ती भरायची असे मुलींनी ठरवले होते, आणि त्यांनी वहीच्या मागच्या पानावर विचारायचे प्रश्नही लिहायला घेतले होते. पहिला प्रश्न होता : ही पोथी कोणी उतरली, आणि कोणत्या पोथीवरून?